क्वालालंपूरची एकादशी

आमची गोदावैनी क्वालालंपूर बघून आली, हे कुंभकोणमात तुम्हांला कुणीही सांगेल. भाजीवाली सांगेल, विड्याची पानं विकणारा सांगेल. पण तिथं झालं काय, ते मलाच विचारा. मी बरोबर होते, आणि माझ्या तोंडाला कडी नाही असं माझा भाऊ म्हणतो. म्हणू दे.

वैनी म्हणजे ह्याच भावाची, रघुनंदनाची, बायको. मी अलमेलू, तिची नणंद. माझं घर त्यांच्या घराला लागूनच आहे. मधल्या भिंतीला एक दार आहे आणि त्या दारातून आमची भांडणं, कॉफी आणि लोणची येत-जात असतात.

वैनीचं सोवळं म्हणजे काय सांगू! पहाटे न्हाऊन, उंच काठीवर वाळत घातलेलं लुगडं काठीनंच उतरवून नेसणार, मग चूल. तेव्हा तिला कुणी शिवायचं नाही, मांजरानंसुद्धा. बाहेरच्या पाण्याचा घोट नाही. तिरुपतीला जायचं तरी पोह्यांची पिशवी बरोबर. आणि एकादशी? थेंब नाही तोंडात. तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा नाही. मठाचं पंचांग तिला तोंडपाठ. आमच्या गल्लीतल्या बायका पंचांग उघडतच नाहीत, "गोदाक्कांना विचारा" म्हणतात. ती कमरेवर हात ठेवून सांगते, "परवा. आणि पारणं सूर्य उगवल्याबरोबर, उशीर नको." ह्या एका गोष्टीचा तिला गर्व आहे, तेही सांगून टाकते.

म्हणून ती कठोर आहे असं समजू नका. गल्लीत कुणी बाळंत झाली की पहिला डबा वैनीचा. मला साखर झाली तेव्हा मी गोड चोरून खाऊ नये म्हणून तिनं आपल्या घरात गोड करणंच थांबवलं. माझा भाऊ आठवडाभर तोंड पाडून बसला होता.

वैनीचं माहेर साक्कोट्टैचं. वडील व्यासराज शाळामास्तर होते. आई लवकर गेली. मागं दोघी मुली, गोदा आणि तिच्याहून पुष्कळ लहान भुवनेश्वरी. लहानगीला कडेवर घेऊन गोदानं भात कालवला, घास भरवले, वेणी घातली. भुवना दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही म्हणे. वैनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा ती धाकटी तिच्या पदराला धरून इतकी रडली, की माझ्या आईनं तिलाही महिनाभर ठेवून घेतलं. मी पाहिलंय ते. दोघी एका पानात जेवायच्या.

पुढं भुवना शिकली आणि स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्यांच्या एका कारखान्यात कचेरीत लागली. परदेशच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत उत्तरं द्यायची, एवढं काम. तिथं क्वालालंपूरहून कुमरेशन नावाचा एक माणूस आला. तिकडच्या देवळासाठी उत्सवमूर्ती घडवायला आला होता. मूर्ती एक, खेपा चार! आधी मूर्तीला, मग समईला, मग घंटेला. चौथ्या खेपेला काय न्यायला आला ते सगळ्यांना कळलं. माणूस सालस होता, देवभोळा होता, पण आमच्यातला नव्हता. भुवनानं त्याच्याशी लग्न केलं आणि गेली.

व्यासराजमामांनी कावेरीवर जाऊन तिच्या नावानं स्नान केलं. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात ना, तसं. "मला मुलगी एकच," म्हणाले. आणि वैनीनंही बुडी मारली. मी घाटावर उभी होते. ओल्या लुगड्यानं घरी आली, चूल पेटवली, आमटीला फोडणी दिली. डोळ्यांतून टिपूस नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता, आजही येतो.

वर्षं गेली. मामा गेले तेव्हा भुवनानं कुठून तरी नंबर मिळवून वैनीच्या मुलाला, मध्वेशला, फोन केला. त्यानं काही न विचारता तो आईच्या कानाला लावला. दोघी नुसत्या रडल्या. मग हळूहळू महिन्याला एक फोन सुरू झाला. काय रांधलंस, गुडघे कसे, पाऊस आहे का. भुवनाचा नवरा वारला, मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली, सगळं फोनवर कळलं. पण "ये" म्हणून वैनी कधी म्हणाली नाही, आणि भुवनानंही म्हटलं नाही.

आणि मग एके दिवशी डाळ निवडता निवडता वैनी म्हणते, "मध्वेशा, क्वालालंपूरचे ते जुळे मनोरे मला बघायचेत."

मी हसले. तिरुपतीपलीकडं न गेलेली बाई! आयुष्यात हिला आमच्या देवळाचं गोपुर मान वर करून बघायला फुरसत झाली नाही, आणि हिला मनोरे बघायचेत. पण मध्वेश शहाणा. चेन्नैला कंप्युटरच्या नोकरीत आहे. त्यानं चार दिवसांची सहल ठरवून टाकली. रघुनंदन येणं शक्य नव्हतं, घरात शालिग्राम आहेत, पूजा चुकून चालत नाही. म्हणून सोबतीला मी. निघताना वैनीनं पिशवीत पोहे, तांदूळ, विजेचा लहान कुकर आणि ईडलिंबाच्या लोणच्याची बरणी घातली.

"बरणी कुणाला गे?" मी विचारलं.

"असावी बरोबर," ती म्हणाली. ईडलिंबाचं लोणचं भुवनाला आवडायचं, हे का मला ठाऊक नव्हतं!

पहिल्याच सकाळी हिनं हॉटेलच्या खोलीत सोवळ्यात स्वयंपाक मांडला. मी म्हटलं, वैनी, नुसता भात कर, दही घाल. ऐकेल तर ती गोदा कसली! कुकरच्या भांड्यात तेल तापवून मोहरी-मिरचीची फोडणी दिली, आणि छतातून असा भोंगा सुरू झाला की मला वाटलं इमारत पडते. दारावर तीन माणसं. वैनी ओलं लुगडं सावरत कुकरपुढं हात पसरून उभी, कुणी शिवू नये म्हणून! मध्वेश बिचारा वाकून वाकून माफी मागत होता. तेव्हापासून फोडणी बंद. ताक-भात आणि पोहे, पोहे आणि ताक-भात.

मनोरे पाहिले. खरंच आभाळाला टेकलेत. वैनी मान वर करून जरा वेळ पाहत राहिली. "वर कोण राहतं?"

"कुणी नाही, आई. कचेऱ्या आहेत."

"मग बघायचं काय?" म्हणाली आणि खाली रस्त्यावर बघू लागली. साडी नेसलेली, साधारण त्या वयाची एखादी बाई दिसली की हिची नजर तिच्यामागं जायची. मोनोरेलमध्ये तेच. बाजारात तेच. मुरुगनाची ती डोंगराएवढी सोनेरी मूर्ती पाहायला गेलो, तिथंही देवाकडं एकदा आणि पायऱ्या चढणाऱ्या बायकांकडं दहादा. तिथं पुण्याची काही मंडळी भेटली. आमचं बोलणं ऐकून एक बाई म्हणाली, "अय्या, किती जुनं मराठी बोलता हो तुम्ही!" मी म्हटलं, "बाई, आमचे पूर्वज कुंभकोणमला निघाले तेव्हा हेच नवं होतं." ती हसली. वैनीचं लक्षच नव्हतं.

आम्ही आल्याचं मध्वेशनं कळवलं होतंच, भुवना रोज त्याला फोन करायची. "अक्का कधी येणार?" वैनी म्हणायची, "आज पाय दुखतात." "आज पाऊस आहे." चार दिवसांतले दोन असेच गेले. मी एकदा सरळ विचारलं, "वैनी, तू मनोरे बघायला आलीस की बहिणीला?"

तिनं पदराची घडी केली, मोडली. मग म्हणाली, "अलमेलू, तिच्याकडं गेले तर जेवावं लागेल. जेवले तर ते स्नान पुसलं गेलं. अप्पांनी केलेलं मी कशी पुसू?"

"अप्पा गेले. तुझं तू पूस."

"तेच म्हणते," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. "पुसायलाच आलेय. पण भीती वाटते."

असं माझ्याशी उघड बोललेली बाई आहे ही, लक्षात ठेवा.

भुवनानं गुरुवार सांगितला, आणि गुरुवारीच या असं बजावून सांगितलं. शुक्रवारी सकाळी आमचं विमान होतं. वैनी हो म्हणाली. आंघोळ करून नवं लुगडं नेसली, लोणच्याची बरणी पिशवीत घेतली. मला काय ठाऊक तिच्या डोक्यात काय चाललंय! मला साखर, मला उपास वर्ज्य, मी तिथ्या बघत नाही.

भुवनाचं घर एका उंच इमारतीत होतं. दारात रांगोळी. दार उघडलं आणि ती दिसली. केस पांढरे झालेले, पण हनुवटी तीच, वैनीसारखी. दोघी उभ्याच राहिल्या. मग भुवनानं हात पुढं केले आणि मागं घेतले. "नको, मी सोवळ्यात आहे, अक्का. आधी जेव, मग."

ऐकलंत? तीस वर्षं बाहेर राहिलेली ही बाई सोवळ्यात होती. गच्चीत वाळवलेलं लुगडं, नवी भांडी, कांद्या-लसणाचा वास नाही. जमिनीवर केळीची पानं मांडलेली. गोळ्यांचं सांबार, डांगर पचडी, केळफुलाची भाजी, आणि नारळाची पोळी. साक्कोट्टैच्या घरचा वास त्या परक्या शहरात कुठून आणला होता देव जाणे. मला भरून आलं.

वैनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली. तिनं बरणी खाली ठेवली.

"आज एकादशी," ती म्हणाली.

तेव्हा कळलं मला, गुरुवारला ही का हो म्हणाली होती. जाणंही होईल आणि जेवावंही लागणार नाही! भुवना मात्र हसली. लहानपणीसारखी हसली. "नाही अक्का, इथं उद्या आहे. मी देवळात विचारून ठेवलंय. म्हणून तर गुरुवारी या म्हटलं! बस ना."

"आज आहे."

"अक्का, इथं उद्या. मी दर वेळी विचारते. मीही धरते ना एकादशी, एकही सोडली नाही अजून..."

तिथं थांबायला हवं होतं वैनीनं. पण सुंभ जळेल, पीळ जळेल का? गल्लीभरच्या बायकांना तिथी सांगणारी ती, तिला कुणी तिथी सांगायची! चेहरा लाल झाला तिचा. म्हणाली, "मला तू एकादशी शिकवणार? जिच्या नावानं आम्ही कावेरीत बुडी मारली, तिच्याकडून मी तिथी ऐकायची?"

मध्वेश "आई!" म्हणून ओरडला. भुवना पुढं आली. वाकून तिनं वैनीचं पान उचललं, फडक्यानं पुसलं आणि ओट्याला टेकवून उभं ठेवलं. मग आम्हां दोघांना म्हणाली, "तुम्ही बसा. निवतंय."

मी बसले. रागानं बसले. पोळी दोनदा मागून घेतली, साखर गेली खड्ड्यात. मध्वेशही खाली मान घालून जेवला. वैनी बाहेर खिडकीपाशी बसून राहिली, पाणीसुद्धा घेतलं नाही. भुवना आमच्याबरोबर बसली नाही. "अक्का उपाशी असताना मी कशी जेवू?" म्हणाली. लोणच्याची बरणी उघडून तिनं बोटाला लावून तेवढं चाखलं, आणि झाकण लावून छातीशी धरलं.

निघताना ती वैनीच्या पाया पडली. वैनीनं डोक्यावर हात ठेवला. एक शब्द बोलली असती तर! पण लिफ्ट आली.

शुक्रवारी पहाटे विमानतळावर वैनीनं पारणं केलं, भिजवलेले पोहे आणि गूळ. माझ्याशी बोलत नव्हती, कारण मी तिच्याशी बोलत नव्हते. घरी गेल्यावर मी मधलं दार बंद ठेवीन अशी शपथच घेतली होती. चार दिवस ठेवलंही. मग तिच्या खोकण्याचा आवाज आला आणि उघडलं. काय करणार, सवय.

महिन्याभरानं आम्ही मठात गेलो होतो. मी आणि वैनी तीर्थ घेऊन खांबाशी बसलो होतो. परदेशात राहणारं एक जोडपं मठातल्या गुरुमूर्ति आचारांना, म्हणजे आमच्या शास्त्रीबुवांना, विचारत होतं, आम्ही तिकडं एकादशी कशी धरायची, इथल्या पंचांगानं का? आचार म्हणाले, "छे छे. जिथं उभे आहात तिथला सूर्योदय धरायचा. पूर्वेकडं सूर्य आपल्या आधी उगवतो. इथं आपल्या पहाटेला दशमी संपलेली असते, तिथल्या पहाटेला ती शिल्लक असू शकते. मग तिथली एकादशी दुसऱ्या दिवशी जाते. दर वेळी नाही होत असं, पण होतं."

वैनीच्या हातातली तुळस खाली पडली. उठून ती आचारांपुढं जाऊन उभी राहिली. "मागच्या महिन्यातली," ती म्हणाली. "क्वालालंपूरला. कधी होती?"

आचारांनी बोटांवर हिशेब केला, पंचांग पाहिलं, परत बोटांवर केला. "शुक्रवारी, गोदाम्मा. इथं गुरुवारी, तिथं शुक्रवारी."

गुरुवारी वैनी जेवू शकली असती. आणि शुक्रवारी, खऱ्या एकादशीला, विमानतळाच्या खुर्चीवर बसून तिनं पोहे खाल्ले होते. आचार म्हणाले, अजाणता झालं, देव सांभाळून घेतो. वैनीनं ते ऐकलंच नाही. घरापर्यंत ती माझ्यापुढं चालत राहिली, उन्हात, अनवाणी. चपला मठाच्या दारातच विसरली होती.

घरी येऊन ती न्हाली, सोवळं नेसली, आणि मला फोन लावायला लावला.

"भुवने," ती म्हणाली. "तुझं बरोबर होतं गे. मी चुकले. मी जेवायला हवं होतं."

पलीकडून भुवनाचा आवाज आला, अगदी सरळ, रागही नाही त्यात. "ठाऊक आहे मला, अक्का."

"मला क्षमा कर गे."

"क्षमा कसली. तुम्ही गेलात आणि केवढं अन्न उरलं. तुझ्यासाठी केलेलं, टाकवेना. कुणाला देववेना. शुक्रवारी सकाळी ते गरम केलं आणि मी जेवले. एकादशीला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." मग म्हणाली, "जेवताना वाटलं, मी एकादशी धरत होते ती देवासाठी थोडीच. तुझ्या घरातलं काहीतरी माझ्यापाशी राहावं म्हणून धरत होते. आता नाही धरत मी."

"पुढची धर, भुवने. माझ्यासाठी धर."

"नको अक्का," ती म्हणाली. मग गुडघ्यांबद्दल विचारलं, औषध घेतेस का विचारलं, आणि फोन ठेवला.

बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! मला वैनीला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. पण ती भिंतीला टेकून बसली आणि पहिल्यांदा, त्या घाटापासून पहिल्यांदा, हंबरडा फोडून रडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. सोवळ्यात होती ती. तरी तसंच डोकं ठेवून राहिली.

परत जाऊया म्हणून मध्वेश मागं लागला. भुवना म्हणते, ये की, घर तुझंच आहे. पण तिचे गुडघे, हिचे गुडघे, आणि रघुनंदनाला आता एकटं ठेवता येत नाही. होईल, होईल म्हणता राहून गेलंय. भुवना इथं येणार नाही. त्या घाटावर मला नको आणू, म्हणते.

आता गल्लीतल्या बायका विचारायला आल्या की वैनी सांगते, "मठात विचारा. मला नाही कळत." त्यांना वाटतं गोदाक्का म्हातारी झाली. आणि एकादशीच्या दुपारी, कोरड्या तोंडानं, ती माझ्याकडं येते आणि फोन लावून दे म्हणते.

"जेवलीस का गे?" ती विचारते.

"जेवले, अक्का."

"काय केलं होतंस?"

मग भुवना सांगते. सांबार केलं, डाळ अशी वाटली, गोळे असे वळले, भाजीला काय घातलं, पोळी केली तर तीही. एकेक पदार्थ, सावकाश. वैनी फोन कानाशी धरून, डोळे मिटून ऐकत बसते. मध्येच म्हणते, "नारळ ताजा होता का?" पलीकडून उत्तर येतं. शेवटी वैनी म्हणते, "बरं केलंस. पोटभर जेवलीस ना?"

आणि फोन मला परत देऊन, पाण्याचा थेंब न घेता, मधल्या दारातून आपल्या घरी जाते.